जातीचे टक्के दाखवण्यापूर्वी: मराठी वृत्तवाहिन्या आणि दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र

मा. संपादक,
मराठी वृत्तवाहिन्या आणि दैनिके

सप्रेम नमस्कार.

यापुढच्या प्रत्येक निवडणुकीत आपण जनमत चाचण्या आणि एक्झिट पोल दाखवणार, छापणार, हे उघड आहे. ते बंद करा असं मी म्हणत नाही. मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संशोधन पद्धती हा माझा विषय, आणि निवडणुकीच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना गावोगाव मुलाखती घ्यायला पाठवणं हा माझ्या कामाचा भाग. नीट केलेल्या चाचणीचं मोल मला ठाऊक आहे. माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. आकडा दाखवाल तेव्हा तो कसा आला, हे त्याच पडद्यावर आणि त्याच पानावर सांगा. आणि अमुक समाजाने अमुक पक्षाला इतके टक्के मतं दिली असं जाहीर करायचं असेल, तर त्या समाजाच्या किती माणसांना विचारलं तेही जाहीर करा. ते सांगता येत नसेल तर तो आकडा दाखवू नका.

दुसरं मागणं मला पहिल्यापेक्षा जास्त निकडीचं वाटतं, म्हणून त्यापासून सुरुवात करते.

समजा, राज्यभरात १,००० लोकांच्या मुलाखती झाल्या. निवड अगदी शास्त्रशुद्ध, सोडत पद्धतीने केली असली तरी संपूर्ण राज्याच्या आकड्यात दोन्ही बाजूंना सुमारे तीन टक्क्यांची चूक गृहीत धरावी लागते. इथपर्यंत ठीक. आता एखादा समाज लोकसंख्येत पाच टक्के असेल, तर त्या १,००० मध्ये त्याची माणसं आली ५०. पन्नास माणसांवरून काढलेल्या टक्केवारीत चुकीची शक्यता दोन्ही बाजूंना १४ टक्क्यांपर्यंत जाते. पडद्यावर आपण लिहिता, 'या समाजाची ६० टक्के मतं अमक्या आघाडीला.' खरा आकडा ४६ असू शकतो, ७४ही असू शकतो. म्हणजे समाज बहुमताने त्या आघाडीकडे गेला की गेला नाही, एवढंसुद्धा त्या चाचणीवरून ठामपणे सांगता येत नाही. तरी रंगीत पट्ट्यांवर ६० लिहिलं जातं, चर्चेला बसलेले चौघे त्या साठावर तासभर बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा व्हॉट्सॲपवरून गावातल्या प्रत्येक गटात पोचलेला असतो.

तिथे त्याचं काय होतं, ते मी इथे राहून पाहते. २०२४ ची लोकसभा निवडणूक मराठवाड्यात मराठा आणि ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर किती तापली होती, हे आपल्या वार्ताहरांनीच दाखवलं. बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला आणि त्यानंतर जिल्ह्यात एकमेकांच्या दुकानांवर बहिष्काराची भाषा उघड बोलली गेली. ही तेढ चाचण्यांनी निर्माण केली असं मी म्हणत नाही. तिची कारणं खोल आहेत आणि जुनी आहेत. पण 'त्यांनी तुम्हाला किती टक्के दिली' हा आकडा अशा वेळी माहिती म्हणून वाचला जात नाही, पुरावा म्हणून वाचला जातो. कोणी दगा दिला याचा पुरावा. शेजारच्या घराने कोणाला मत दिलं हे गुप्त राहावं म्हणून आपण गुप्त मतदानाची पद्धत स्वीकारली, आणि पन्नास मुलाखतींच्या जोरावर आपण अख्ख्या वस्तीचं मत जाहीर करून टाकतो. आकडा पक्का असता तरी तो जपून हाताळायला हवा होता. इथे तर तो कच्चा आहे.

आता पहिलं मागणं.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं होतं. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. ४ जूनला मतमोजणी सुरू झाली, एनडीए २९३ वर थांबली, आणि सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ४,४०० अंशांनी कोसळला. ऑक्टोबरमध्ये हरियाणात चाचण्या एकमुखाने काँग्रेसला सत्ता देत होत्या. भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये आपल्या विधानसभेत महायुती पुढे आहे हे बहुतेकांना दिसलं, पण भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी मिळून २३० जागा घेतील, हे त्यांच्या आकड्यांत नव्हतं. बरेच आकडे त्याच्या खूप खाली होते.

या चुकांवरून चाचणी करणाऱ्यांची टिंगल करणं मला पटत नाही. चूक होणं या विद्येत गृहीतच आहे. मात्र चूक कुठे झाली हे आपल्याला आजही कळत नाही, आणि ते कळेल असं काही आपण मागतही नाही. विचारायला निवडलेल्या माणसांचा नमुना चुकला? लोक खोटं बोलले? मतांचे टक्के बरोबर आले आणि जागांचं गणित चुकलं? यातलं काय झालं हे तपासायला लागणारी माहिती ना प्रेक्षकाकडे असते ना अभ्यासकाकडे. बहुतेक वेळा ती वाहिनीकडेही नसते, असं मला आपल्याच काही सहकाऱ्यांशी बोलताना जाणवलं आहे. चाचणी करणाऱ्या एजन्सीकडून आलेला आकडा जसाच्या तसा पडद्यावर जातो.

जागांचंच घ्या. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांमध्ये एक टक्क्याहूनही कमी फरक होता. जागा मात्र ३० आणि १७. एखाद्या चाचणीने दोघांची मतं अगदी अचूक टिपली असती तरी जागांचा अंदाज चुकायला भरपूर वाव होता. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. विधानसभेला मालेगाव मध्य १६२ मतांनी, साकोली २०८ मतांनी. असे निकाल जगातली कुठलीही चाचणी आधी सांगू शकत नाही. तरीही 'मतदारसंघनिहाय अंदाज' म्हणून २८८ जागांचे रंग दाखवले जातात. प्रत्येक मतदारसंघात १०० जणांना विचारायचं म्हटलं तरी २८,८०० मुलाखती होतात, आणि इतकं करूनही एकेका मतदारसंघात दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांची चूक शिल्लक राहते. दोन उमेदवारांत पाच टक्क्यांचं अंतर असलेल्या ठिकाणी या आकड्याचा उपयोग काय?

'सॅम्पल साइज' मोठ्या अक्षरांत दाखवली की चाचणी विश्वासार्ह झाली, अशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. किती जणांना विचारलं यापेक्षा ते कसे निवडले हे महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

निवड प्रत्यक्षात कशी होते, ते सांगते. आमच्याकडे मतदार यादी हा पाया असतो. मतदारसंघ आणि मतदान केंद्रं सोडतीने निवडली जातात. समजा, एका केंद्राच्या यादीत १,००० नावं आहेत आणि आपल्याला २० हवी आहेत. मग पहिलं नाव सोडतीने काढायचं आणि तिथून दर पन्नासावं नाव उचलायचं. ती वीस नावं हातात घेऊन मुलं गावात जातात. त्या वीसजणांनाच भेटायचं, त्यांच्या घरीच भेटायचं. शेजारचा चालत नाही, घरातला दुसरा चालत नाही.

हा नियम पाळणं फार अवघड आहे. यादीतली मुलगी लग्न होऊन गेलेली असते. एखादा पुण्याला कंपनीत असतो. दिवाळीनंतर तर बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या कितीतरी गावांत ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलूप, नाहीतर घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मुलं दमतात, ऊन वर येतं, आणि पारावर, टपरीवर, एसटी स्टँडवर बोलायला तयार असलेली माणसं बसलेलीच असतात. मोह तिथे होतो. टपरीवर भेटतो तो पुरुष. बहुधा रिकामा वेळ असलेला, राजकारणावर बोलायची हौस असलेला, बरेचदा कुठल्या तरी पुढाऱ्याच्या मागे फिरणारा. त्याच्यासारख्या वीस हजारांना विचारलं तरी शेतात खुरपणीला गेलेली बाई त्यात येत नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो खरी, पण तळाचं शीत हाताला लागलंच नाही तर वरचं कितीही चाचपून उपयोग नाही.

फॉर्ममागे पैसे ठरवून दिलेल्या एका कामावर आमचे काही माजी विद्यार्थी गेले होते. दिवसाला इतके फॉर्म झालेच पाहिजेत, असा त्यांना वरून तगादा होता. काहींनी शेवटचे फॉर्म खोलीवर बसून भरले, हे त्यांनीच मला सांगितलं. मी त्यांना दोष देऊ शकले नाही. ज्याने एका फॉर्मला तुटपुंजे पैसे लावले आणि किती फॉर्म परत तपासले याची नोंद ठेवली नाही, त्याने ती वेळ आणली. म्हणून मला पडद्यावर हेही बघायचं असतं: मुलाखत कुठे घेतली, घरी की रस्त्यावर की फोनवर, किती जणांनी नकार दिला, किती मुलाखतींची फेरतपासणी झाली.

मत विचारण्याची रीत हा तर स्वतंत्र विषय आहे. नीट केलेल्या मतदानोत्तर अभ्यासात 'कोणाला मत दिलं' हे तोंडी विचारत नाहीत. चिन्हं छापलेली नमुना मतपत्रिका हातात द्यायची, पाठ फिरवायची, आणि माणसाने खूण करून, घडी घालून ती पेटीत टाकायची. आमच्या एका विद्यार्थिनीबरोबर मी अशा एका घरी गेले होते. ओसरीवर नवरा बसलेला. यादीतलं नाव बायकोचं. आम्ही तिला काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "आमच्या घरातली सगळी मतं एकाच जागी जात्यात, लिहा तुम्ही." विद्यार्थिनीने त्याला शांतपणे सांगितलं की यादीत नाव ताईंचं आहे, त्यांच्याशीच बोलावं लागेल. बाईने मतपत्रिका घेतली आणि आत गेली. बराच वेळ आलीच नाही. बाहेर आली तेव्हा कागदाची इतकी बारीक घडी घातली होती की पेटीच्या फटीतून तो सहज आत गेला. "यावर नाव लागत नाही ना?" एवढंच तिने विचारलं. तिने काय खूण केली ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण तोच प्रश्न ओसरीवर, नवऱ्यादेखत, माइक पुढे धरून विचारला असता तर उत्तर नवऱ्याचंच नोंदलं गेलं असतं. आपल्या 'महिला मतदारांचा कल' या शीर्षकाखालचे किती आकडे अशा ओसऱ्यांवर गोळा होतात, याची चौकशी आपण एकदा करावी.

लोकांचा विश्वास हेच आमचं भांडवल, आणि तो झपाट्याने आटतो आहे. सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची नावं, फोन नंबर घेऊन निवडणुकीनंतरच्या योजनांसाठी नोंदणी करून घेणं थांबवा, असं निवडणूक आयोगाला २ मे २०२४ रोजी राजकीय पक्षांना बजावावं लागलं. आता आमची मुलं दारात गेली की पहिला प्रश्न येतो, "कोणत्या पक्षाकडून आलात?" आणि दुसरा, "पैसे कधी येणार?" खऱ्या अभ्यासाला याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजल्याचं कुठल्याही आकड्यात दिसत नाही.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने लिहिते, कारण या विद्येने आपल्याला खूप काही दिलं आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुणे विद्यापीठाचे व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीतलं मतदारांचं वर्तन अभ्यासलं, तेव्हा देशात असं काम करणारे अगदी मोजके होते. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेने रजनी कोठारी यांच्या पुढाकाराने १९६७ पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यास सुरू केला. १९९६ पासून तो प्रत्येक लोकसभा निवडणुकीला होतो, १९९७ नंतर त्याच संस्थेच्या 'लोकनीती' या उपक्रमामार्फत, आणि पुण्याचे सुहास पळशीकर त्याच्या आघाडीवर राहिले. पाश्चात्त्य देशांत शिकलेला आणि सुखवस्तू माणूस जास्त मतदान करतो, हे पाठ्यपुस्तकात शिकलेल्या आमच्या पिढीला याच अभ्यासांनी दाखवलं की भारतात गरीब आणि दलित मतदार सुखवस्तूंइतक्याच, कधी त्यांच्याहून अधिक संख्येने रांगेत उभे राहतात. यातून कोण जिंकणार हे कळत नाही. आपल्या लोकशाहीचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, ते कळतं. चाचणीचं खरं काम हे आहे. लोक कशावर नाराज आहेत, सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचली का, मत कधी ठरवलं, कोणाशी बोलून ठरवलं. हे प्रश्न आपल्या चाचण्यांतही असतात. पण ते जागांच्या आकड्यांखाली दबून जातात आणि निकालाच्या दिवशी कुणाला आठवत नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर तो 'केव्हा' एवढंच बघतो. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००९ साली घातलेल्या कलम १२६(अ) नुसार मतदानाचा शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चाचणी कशी केली याबद्दल त्यात चकार शब्द नाही. महाराष्ट्राच्या निवडणुका जाहीर करताना ऑक्टोबर २०२४ मध्ये तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी नमुना किती, सर्वेक्षण कुठे झालं, असे प्रश्न उघडपणे विचारले आणि माध्यमांनी स्वतःच आत्मपरीक्षण करावं असं सुचवलं. वृत्तपत्रांपुरता तर नियम जुनाच आहे. मतदानपूर्व चाचणी छापताना ती कोणी केली, कोणी करवून घेतली, नमुना किती आणि कशा प्रकारचा, निवड कशी केली आणि चुकीची शक्यता किती, हे ठळकपणे द्यावं, असं प्रेस कौन्सिलचं मार्गदर्शन सांगतं. ते किती दैनिकं पाळतात, हे आपल्या जुन्या अंकांतच पाहता येईल.

बाहेर हे जमवलं आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली चाचणी संस्थांनी मिळून ब्रिटिश पोलिंग कौन्सिल स्थापन केली. सदस्य संस्थेला विचारलेले प्रश्न जसेच्या तसे आणि आकड्यांचे सविस्तर तक्ते लोकांसमोर ठेवावे लागतात. २०१५ च्या निवडणुकीत त्या सगळ्यांनी अटीतटीची लढत सांगितली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष साडेसहा टक्क्यांच्या आघाडीने जिंकला. मग त्यांनी काय केलं? पॅट्रिक स्टर्जिस या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसवली, संस्थांनी कच्ची माहिती चौकशीला दिली, आणि वर्षभरात उत्तर मिळालं: नमुनेच मतदारांचे खरे प्रतिनिधी नव्हते, लेबर पक्षाचे मतदार त्यांत जास्त आले होते, कॉन्झर्व्हेटिव्ह कमी. मतदार खोटं बोलले, आयत्या वेळी फिरले, अशी सगळी लोकप्रिय स्पष्टीकरणं तपासून, ती मुख्य कारण नाहीत असं सांगता आलं, कारण तपासायला कागद होते. आपल्याकडे जून २०२४ नंतर अशी एकही जाहीर चौकशी झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याला कोणी कायदा करून भाग पाडेपर्यंत थांबायची गरज नाही. सरकारने या क्षेत्रात फार हात घालावा असंही मला वाटत नाही. ज्याच्या कारभारावर लोकांचं मत विचारायचं त्यानेच परवानगी द्यायची, हे धोक्याचं आहे. आपण संपादक एवढं करू शकता. चाचणी विकत घेताना करारातच लिहा की प्रश्नावली, निवडीची रीत, नकारांची संख्या आणि चाचणीचा खर्च कोणी केला, हे प्रसारणाच्या वेळीच जाहीर होईल. मतांची टक्केवारी आधी दाखवा, तीही 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी. जागा नंतर, आणि त्या कोणत्या हिशेबाने काढल्या तेही सांगा. दोन-चारशे मुलाखती नसलेल्या कोणत्याही समाजाचं वेगळं चित्र दाखवू नका. मतमोजणी झाली की नाव, पत्ता, फोन नंबर आणि गाव काढून टाकलेली कच्ची माहिती राज्यातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांना खुली करा. आमच्या विद्यार्थ्यांना त्यातून शिकायला मिळेल आणि आपल्याला पुढच्या वेळी एजन्सीला काय विचारायचं ते कळेल.

वृत्तकक्षातल्या ज्या तरुण सहकाऱ्यांवर एक्झिट पोलच्या रात्री आकड्यांचे पट्टे तयार करण्याची जबाबदारी असते, त्यांच्यासाठी आमचा विभाग एक दिवसाची कार्यशाळा विनामूल्य घ्यायला तयार आहे. तक्ता कसा वाचायचा, उपगटात किती माणसं आहेत ते कुठे बघायचं, एजन्सीला कोणते प्रश्न विचारायचे, एवढंच त्यात असेल. तारीख आपण कळवा. छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला, मुंबईला, जिथे सोयीचं असेल तिथे आम्ही येऊ.

कळावे,
आपली,
मराठवाड्यातील राज्यशास्त्राची एक प्राध्यापिका